पेंग्विन्सचं एकच गाणं

1955 च्या सुरुवातीला अमेरिकेत एकच गाणं दोन गटांच्या आवाजात एकाच वेळी वाजत होतं. लॉस एंजेलिसच्या ‘द पेंग्विन्स’ या चार कृष्णवर्णीय तरुणांच्या गटाचं ‘अर्थ एंजल’ हे गाणं ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि सर्वसाधारण पॉप यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. टोरांटोच्या ‘द क्रू-कट्स’ या गोऱ्या गटाने तेच गाणं पुन्हा गाऊन बाजारात आणलं आणि पॉप यादीत तिसरा क्रमांक गाठला. ज्यांचं गाणं ते मागे, आणि ज्यांनी उचललं ते पुढे.

त्यानंतर पेंग्विन्सचं नाव याद्यांमधून जवळपास पुसलंच गेलं. संगीताच्या धंद्यात अशा गटांना ‘वन-हिट वंडर’ म्हणतात, आणि म्हणताना सूर थोडा कुत्सित असतो: एकदा लॉटरी लागली, पुढे काही जमलं नाही. पेंग्विन्सचं नेमकं काय झालं हे खोलात जाऊन पाहिलं तर त्यात लॉटरीचा भाग कमीच निघतो. त्यांचं भवितव्य ठरवलं ते कायद्याने, कराराच्या कागदांनी आणि दोन सेंटच्या एका दराने.

दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसच्या आसपास विमानांचे कारखाने आणि जहाजगोद्या जोरात चालू होत्या. टेक्सास, लुईझियानासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी इथे आली. काम मिळालं, पण राहायला जागा हवी तिथे मिळत नसे. घरांच्या खरेदीखतांतच ‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये’ अशा अटी असत. अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला; तोवर सेंट्रल ॲव्हेन्यू या रस्त्याच्या आजूबाजूला त्यांची दाट वस्ती झाली होती. वादकांच्या युनियनसुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. त्या एक झाल्या त्या 1953 साली.

या वस्तीतल्या जेफर्सन आणि फ्रीमाँट या दोन शाळांमधून त्या पिढीचे कितीतरी गायक-वादक निघाले. जेफर्सनमध्ये सॅम्युएल ब्राउन नावाचे संगीतशिक्षक होते. ते पोरांना स्वरलिपी वाचायला लावत, जाझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत दोन्ही शिकवत; सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन त्यांचाच विद्यार्थी. ‘रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गाणारी अडाणी पोरं’ ही डू-वॉपची लाडकी दंतकथा आहे. कोपरा खरा, अडाणी मात्र खोटं. शाळेतलं संगीत, रविवारचं चर्च आणि घरातला रेडिओ या तिन्हींची शिदोरी त्यांच्या पाठीशी होती.

क्लीव्हलंड डंकन आणि कर्टिस विल्यम्स यांची गाठ एका हौशी गायकांच्या कार्यक्रमात पडली. दोघांनी मिळून डेक्स्टर टिस्बी आणि ब्रूस टेट यांना बरोबर घेतलं. डंकन मुख्य गायक, टिस्बी वरच्या पट्टीतला टेनर, टेट मधल्या पट्टीतला बॅरिटोन आणि विल्यम्स खर्जातला बेस. चौघेही विशीच्या आतबाहेर. नावासाठी त्यांनी कूल सिगारेटच्या पाकिटावरचा ‘विली’ हा पेंग्विन पसंत केला. आपणही तितकेच ‘कूल’ आहोत असा त्यांचा हिशोब. पक्ष्यांची नावं घ्यायची तेव्हा फॅशनच होती. आधीच्या पिढीत रेव्हन्स आणि ओरियोल्स गाजले होते. पुढे मोटारींची पाळी आली आणि कॅडिलॅक्स, इम्पालाज, एडसेल्स अशा नावांचे गट निघाले.

आता डू-वॉप म्हणजे काय ते पाहू. हे नाव बरंच नंतरचं, साधारण 1960 च्या सुमारास रूढ झालेलं. पेंग्विन्स गात होते तेव्हा त्या गाण्यांना नुसतं ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणत. तो शब्दही नवाच होता. 1949 पर्यंत ‘बिलबोर्ड’ काळ्यांच्या संगीताची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या मथळ्याखाली छापत असे. डू-वॉपचा पाया चार-पाच मानवी आवाज. वाद्यं असली तरी नावापुरती, कारण वाद्यं विकत घ्यायला पैसे लागतात आणि गळा फुकट मिळतो. मग वाद्यांची कामं गळ्यांनी वाटून घेतली. खर्जातला आवाज कॉन्ट्राबास या प्रचंड तंतुवाद्याचं काम करी, मधले दोघे ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या तुकडीचं, आणि मुख्य गायक शब्द आणि चाल सांभाळी. ‘डू’, ‘बा’, ‘शा’, ‘वॉप’ असे निरर्थक बोल आले ते यातून. ‘ड’ आणि ‘ब’ ही व्यंजनं ठोका देतात, त्यांच्या पुढचा स्वर लांबवता येतो आणि शेवटचा ‘प’ आवाज झटक्यात तोडतो. बोलांना अर्थ नाही म्हणून काही समीक्षकांनी नाकं मुरडली. पण त्या बोलांना अर्थ असता तर ते मुख्य गायकाच्या शब्दांशी भांडले असते.

मराठी कानाला इथे एक गोष्ट मुद्दाम लक्ष देऊन ऐकावी लागते. आपल्या भजनी मंडळात दहा जण गात असले तरी सगळे एकच चाल गातात. पट्टी वर-खाली झाली तरी सूर तोच. डू-वॉपमध्ये एकाच क्षणी प्रत्येक जण वेगळा सूर लावतो आणि ते सूर मिळून एक स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, उभा राहतो. गोव्यातल्या चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको. घरी पेटी असेल तर प्रयोग करून पाहता येईल. आधी सा-ग-प एकत्र दाबा. मग ध आणि त्याच्या वरचे सा-ग. मग म-ध आणि वरचा सा. शेवटी प-नी आणि वरचा रे. पुन्हा पहिल्यावर या. पहिल्या दोन स्वरसंघांत सा आणि ग सामायिक आहेत, दुसऱ्या-तिसऱ्यात ध आणि सा, त्यामुळे कान हळूच पुढे सरकतो. चौथ्यात एकदम सगळं बदलतं आणि त्यातला नी ‘सा’कडे परत ओढतो. हे चक्र कितीही वेळ फिरवा, कंटाळा येत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या शेकडो प्रेमगीतांचा सांगाडा हाच आहे. त्याचा शोध काही या पोरांनी लावला नव्हता. रॉजर्स आणि हार्ट यांच्या 1934 च्या ‘ब्लू मून’ची चाल याच चक्रावर फिरते, होगी कारमायकेलच्या 1938 च्या ‘हार्ट अँड सोल’चीही तीच गोष्ट. शिकायला सोपं, चौघांत वाटायला सोपं, म्हणून ते कोपऱ्याकोपऱ्यावर पोचलं. वरून पियानोवर प्रत्येक मात्रेला तीन-तीन ठोके आणि संथ लय, म्हणजे शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात जोडीने सावकाश डुलायला एकदम योग्य.

‘अर्थ एंजल’ही याच चक्रावर बेतलेलं आहे. पण ते लिहिलं कुणी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. विल्यम्स याआधी ‘हॉलीवूड फ्लेम्स’ नावाच्या गटात गात असे. तिथे त्याच्याबरोबर गेनेल हॉज होता. या मंडळींना शिकवणारा, थोडा मोठा असा जेसी बेल्विन हा तिसरा. बेल्विनचा गळा अप्रतिम आणि चाली बांधण्याचा वेग अफाट, व्यवहार मात्र शून्य. गाणं रचायचं आणि किरकोळ रोख रकमेसाठी त्यावरचा हक्क विकून मोकळं व्हायचं, ही त्याची ख्याती. ‘अर्थ एंजल’चे धागे उलगडत गेलं तर हॉलीवूड फ्लेम्सचं एक आधीचं गाणं लागतं, बेल्विनने मार्व्हिन फिलिप्सबरोबर गायलेलं ‘ड्रीम गर्ल’ लागतं, आणखीही दोन-तीन गाण्यांचे तुकडे सापडतात. याला चोरी म्हणणं मला पटत नाही. त्या वस्तीत चाली या घरातून त्या घरात अशा फिरत, कुणी एक ओळ बदले, कुणी पियानोची सुरुवात जोडी. तोवर त्यातून पैसे मिळत नव्हते, म्हणून मालक कोण हे कुणी विचारतही नव्हतं.

पैसा आणला वॉल्टर ‘डूट्सी’ विल्यम्सने. (कर्टिसचा नि याचा नात्याचा संबंध नाही.) डूट्सी मूळचा ट्रंपेटवादक, त्याने ‘डूटोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. रेकॉर्ड कंपनीचा मालक कृष्णवर्णीय असणं हे तेव्हा फार दुर्मीळ. काळ्यांचं संगीत विकणाऱ्या बहुतेक छोट्या कंपन्याही गोऱ्यांच्याच होत्या. डूट्सीजवळ स्वतःचा स्टुडिओ नव्हता. ध्वनिमुद्रण होई ते टेड ब्रिन्सनच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. ब्रिन्सन हा जुन्या जाझ वाद्यवृंदांतून बास वाजवलेला कलावंत, आणि पोटापाण्यासाठी पोस्टात नोकरीला. त्याच्याकडे एकाच ट्रॅकचा टेपरेकॉर्डर होता. म्हणजे गाणं आणि साथ एकदमच ध्वनिमुद्रित व्हायची. कुणी चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. ड्रमच्या आवाजात गळे बुडू नयेत म्हणून ड्रमवर उशा टाकल्या. शेजारचा कुत्रा भुंकला की डूट्सी बाहेर जाऊन त्याला गप्प करी आणि पुन्हा सुरुवात होई, असं त्यानेच नंतर सांगितलं.

हे ध्वनिमुद्रण खरं तर कच्चा नमुना म्हणूनच केलेलं होतं. त्यावर नंतर आणखी वाद्यं चढवायची असा बेत होता. शिवाय तबकडीची मुख्य बाजू म्हणून ठरलं होतं ते ‘हे सेन्योरिता’ हे उडतं गाणं. ‘अर्थ एंजल’ मागच्या बाजूला. डूट्सी नमुन्याची तबकडी घेऊन ‘डॉल्फिन्स ऑफ हॉलीवूड’ या दुकानात गेला. हे दुकान हॉलीवूडमध्ये नव्हतंच. हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय माणसाला दुकान टाकणं अवघड, म्हणून जॉन डॉल्फिनने आपल्याच वस्तीत दुकान काढून पाटीवर हॉलीवूड आणलं. रात्रभर उघड्या असणाऱ्या या दुकानाच्या काचेच्या खिडकीत बसून डिक हग नावाचा गोरा डिस्क जॉकी रेडिओ कार्यक्रम करी. त्याने दोन्ही बाजू वाजवल्या. श्रोत्यांना हवी होती ती मागची बाजू, आणि पुन्हा पुन्हा हवी होती. वाद्यं चढवण्याचा बेत तिथेच बारगळला. 1954 च्या शरदात गॅरेजमधला कच्चा नमुना आहे तसाच बाजारात गेला. त्यात जो एक उघडेपणा आहे, गाणारे समोर चार हातांवर उभे असल्यासारखं वाटतं, तो या घाईची देणगी आहे. वर व्हायोलिनं चढली असती तर हे गाणं आज कुणी ऐकलं असतं की नाही, मला शंका आहे.

छोट्या कंपनीला मोठं यश झेपत नाही, हे या धंद्याबाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. तबकड्या दाबणारा कारखाना रोख पैसे मागतो. वितरक मात्र माल उचलून दोन-तीन महिन्यांनी पैसे देतो, आणि पुढची तबकडी त्याला तितकीच गरजेची वाटली नाही तर तेही वेळेवर देत नाही. गाणं जितकं जास्त खपतं तितका मालकाचा खिसा आधी रिकामा होतो. डूटोनकडचा लेबलचा कागद संपला आणि मिळेल त्या रंगाच्या कागदावर लेबलं छापावी लागली, असं सांगतात. ‘अर्थ एंजल’च्या वेगवेगळ्या रंगांच्या लेबलांच्या तबकड्या आजही संग्राहकांकडे आहेत. अशा वेळी गाणारी पोरं रॉयल्टीतून उचल मागायला आली आणि डूट्सी नाही म्हणाला. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याकडे पैसे अजून आलेच नव्हते. पोरांच्या बाजूने पाहिलं तर रेडिओ लावावा तिथे त्यांचाच आवाज, आणि खिशात दमडी नाही.

आणि तेवढ्यात क्रू-कट्स आले. या गटाचा तोच धंदा होता. आदल्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘द कॉर्ड्‌स’ गटाचं ‘शबूम’ उचलून पॉप यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. (ब्राँक्समधल्या त्या कॉर्ड्‌सचं पुढे आणखीच वाईट झालं. त्यांच्या नावाचा दुसरा गट आधीपासून होता म्हणून नाव बदलावं लागलं, मग पुन्हा बदलावं लागलं, आणि गाणं माहीत असलेल्यांनाही हे तेच गायक आहेत हे कळेना.) अशा पुनर्गायनाला ‘कव्हर’ म्हणतात. मोठ्या कंपन्यांचा साधा हिशोब होता: काळ्यांच्या वस्तीत एखादं गाणं चाललं की गोऱ्या गायकांकडून तेच पटकन गाऊन घ्यायचं. काळ्यांच्या तबकड्या न वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांवर ते बिनदिक्कत वाजे, मोठ्या दुकानांत ते आठवड्याभरात पोचे.

हे कायदेशीर होतं का? पूर्णपणे. अमेरिकेचा 1909 चा स्वामित्व कायदा असा, की एखादं गाणं एकदा रेकॉर्डवर आलं की दुसऱ्या कुणालाही ते ध्वनिमुद्रित करता येई. परवानगी मागायची गरज नाही, दर तबकडीमागे दोन सेंट भरले की झालं. हा दोन सेंटचा दर 1978 पर्यंत तसाच होता. आणि ते दोन सेंट जात कुणाकडे? गाण्याचा प्रकाशक आणि गीतकार-संगीतकार यांच्याकडे. गाणाऱ्याला त्यातलं काहीच नाही. गाण्याची मांडणी, म्हणजे कोणत्या आवाजाने कुठे शिरायचं, कोणते बोल म्हणायचे, खर्ज कुठे उतरायचा, हे कुणाच्याही मालकीचं धरलं जात नसे. ध्वनिमुद्रणाला तर केंद्रीय कायद्याचं संरक्षणच नव्हतं. ते 1972 साली आलं. ‘ट्वीडल डी’ची गायिका लाव्हर्न बेकर हिचं गाणं 1955 मध्ये असंच हुबेहूब उचललं गेलं, तेव्हा तिने तिच्या काँग्रेस सदस्याकडे तक्रार केली होती की निदान मांडणीला तरी संरक्षण द्या. त्यातून काही निघालं नाही.

या दोन सेंटांचा परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. क्रू-कट्सची तबकडी जितकी खपेल तितके पैसे ‘अर्थ एंजल’च्या प्रकाशकाला मिळत होते, आणि प्रकाशनाचे हक्क होते डूट्सी विल्यम्सकडे. गीतकार म्हणून ज्याचं नाव त्यालाही वाटा होता. तोटा होता तो फक्त गाणाऱ्यांचा. क्लीव्हलंड डंकनच्या गळ्यामुळे ते गाणं गाणं झालं, आणि कागदावर त्यात त्याचं काहीच नव्हतं. कव्हरच्या प्रथेविषयी बोलताना ‘गोऱ्यांनी काळ्यांना लुबाडलं’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. लूट होत होती ती गळ्याची, आणि गाण्याचे कागद ज्याच्या हातात तो त्वचेचा रंग कोणताही असला तरी कमवत होता.

पेंग्विन्सनी आता बक रॅम या व्यवस्थापकाला धरलं. रॅम मुरलेला माणूस. स्वतः गीतकार, संयोजक, शिवाय कायद्याचं शिक्षण घेतलेला. त्याने ‘मर्क्युरी’ या मोठ्या कंपनीशी बोलणी लावली. त्या काळी अमेरिकेत सज्ञानाचं वय 21 होतं आणि डूटोनच्या करारावर सह्या करताना ही पोरं त्याहून लहान होती, त्यामुळे त्यांना तिथून सोडवणं फारसं अवघड गेलं नाही. मर्क्युरी म्हणजे कोणती कंपनी? क्रू-कट्स जिच्यासाठी गात होते तीच. ज्या दुकानाने त्यांच्या गाण्यावर गल्ला भरला त्याच दुकानात पेंग्विन्स आशेने शिरले.

रॅमने एक अट घातली. पेंग्विन्स हवे असतील तर माझा दुसरा गटही घ्यावा लागेल. त्या गटाला आधीच्या कंपनीत काडीचंही यश मिळालं नव्हतं, आणि त्याचं नाव होतं ‘द प्लॅटर्स’. मर्क्युरीने पेंग्विन्सच्या लोभाने प्लॅटर्सना पदरात घेतलं. काही महिन्यांतच प्लॅटर्सचं ‘ओन्ली यू’ पॉप यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं, 1956 मध्ये ‘द ग्रेट प्रिटेंडर’ पहिल्या क्रमांकावर. दशक संपेपर्यंत प्लॅटर्स जगभर पोचले होते. गंमत अशी की ‘अर्थ एंजल’ रचणाऱ्यांपैकी गेनेल हॉज हा प्लॅटर्सच्या सुरुवातीच्या संचात होता.

मर्क्युरीत पेंग्विन्सच्या वाट्याला काय आलं? एकामागून एक तबकड्या, आणि एकही चालली नाही. इथे कारणमीमांसा करताना मी थोडा सावध राहतो, कारण लोकांना एखादं गाणं का आवडत नाही याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पण दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्लॅटर्सची ती दोन्ही गाणी बक रॅमने स्वतः लिहिलेली होती. ती चालली की त्याला व्यवस्थापकाचा वाटा आणि वर गीतकाराचाही वाटा. अशा माणसाने उत्तम गाणं कोणत्या गटाला दिलं असतं हे वेगळं सांगायला नको. दुसरी, पेंग्विन्सची ताकद होती गॅरेजमधल्या त्या उघडेपणात. मोठ्या स्टुडिओत, सफाईदार वाद्यवृंदापुढे ते इतर दहा गटांसारखेच वाटू लागले. मर्क्युरीने त्यांच्याकडून ‘अर्थ एंजल’ही पुन्हा गाऊन घेतलं. सगळं जागच्या जागी आहे, आणि काहीच घडत नाही.

तिकडे गाण्याच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला. तबकडीवर गीतकार म्हणून कर्टिस विल्यम्सचं नाव होतं. हॉज आणि बेल्विन यांनी आपला हक्क सांगितला आणि शेवटी तोही मान्य झाला. आज ‘अर्थ एंजल’खाली तिघांची नावं असतात. बेल्विनला त्याचा फार उपभोग घेता आला नाही. 1960 च्या फेब्रुवारीत, आर्कान्सामधला एक कार्यक्रम आटोपून निघाल्यावर झालेल्या मोटार अपघातात तो गेला. वय 27.

गट विस्कटत गेला. टेट पहिल्याच वर्षी बाहेर पडला, पुढे कर्टिस विल्यम्सही गेला. त्यांच्या जागी दुसरे आले. मर्क्युरीनंतर ‘अटलांटिक’ कंपनीसाठी गायलेलं ‘प्लेज ऑफ लव्ह’ 1957 मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज यादीच्या खालच्या भागात जेमतेम दिसलं. त्यानंतर ते पुन्हा डूट्सीच्याच दारात परतले. दशकाबरोबरच मूळचा गट संपला. डूट्सीचं मात्र बरं चाललं होतं. रेड फॉक्स या विनोदी कलाकाराच्या चावट किश्श्यांच्या रेकॉर्ड काढून त्याने नवा धंदा उभा केला होता.

त्या वर्षांत असे गट शेकड्यांनी निघाले आणि मावळले. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरच्या ‘द एलिगंट्स’चं ‘लिटल स्टार’ 1958 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यांचं दुसरं एकही गाणं यादीत आलं नाही. फिलाडेल्फियाच्या ‘द सिल्हूट्स’चं ‘गेट अ जॉब’ हेही त्याच वर्षीचं पहिल्या क्रमांकाचं गाणं, आणि त्यांचीही गत तीच. 1964 मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले तोवर डू-वॉपचे दिवस भरतच आले होते. हातात गिटार आणि आपली गाणी आपणच लिहिणं हा नवा रिवाज झाला. त्यामागे कलेइतकाच तो दोन सेंटांचा धडा असावा, असं मला वाटतं.

पण ‘अर्थ एंजल’ जिवंत राहिलं, आणि राहिलं ते लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमुळे, हे फार कमी लिहिलं जातं. लॉस एंजेलिस शहरात तरुण पोरापोरींच्या जाहीर नाचांवर कडक नियम होते. म्हणून आयोजक शहराच्या हद्दीबाहेर एल माँटे या गावातल्या लीजन स्टेडियममध्ये कार्यक्रम ठेवत. तिथे मेक्सिकन, काळी, गोरी पोरं एकाच फरशीवर नाचत. पोलिसांना ते रुचत नसे. पोरांना फिकीर नव्हती. या कार्यक्रमांचा एक कर्ताधर्ता होता आर्ट लाबो, आर्मेनियन कुटुंबातला रेडिओ निवेदक. श्रोते त्याला दूरध्वनी करून प्रेयसीसाठी जुनी गाणी मागत. लोकांना नव्याइतकंच, चार वर्षांपूर्वीचंही हवं असतं, हे त्याने सगळ्यांत आधी ओळखलं आणि 1959 मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाने जुन्या गाण्यांची एक लाँगप्ले काढली. त्यात ‘अर्थ एंजल’ होतंच. पाच वर्षांचं गाणं ‘जुनं’ म्हणून विकण्याची ही कल्पना पुढे एक मोठा व्यवसाय झाली. लाबो 2022 साली 97 व्या वर्षी वारला, तोवर तो रेडिओवर होता.

त्याच लाबोच्या कंपनीसाठी 1963 मध्ये क्लीव्हलंड डंकन नवे साथीदार घेऊन ‘मेमरीज ऑफ एल माँटे’ गायला. हे गाणं त्या नाचांच्या आठवणींचं, आणि मधे जुन्या गटांच्या गाण्यांचे तुकडे येतात, त्यात त्याचं स्वतःचं ‘अर्थ एंजल’ही. लिहिणारे दोघे जण होते, रे कॉलिन्स आणि विशीतला, तेव्हा कुणाला माहीत नसलेला फ्रँक झॅपा. तोच झॅपा, जो पुढे रॉक संगीतातला सगळ्यांत विक्षिप्त प्रयोगकार म्हणून गाजला. विशी-बाविशीतच दुसऱ्यांच्या आठवणींवर गाणं व्हावं आणि ते त्या आठवणींतल्या नायकानेच गावं, यातला चटका झॅपाला नक्कीच कळत होता. गाणं यथातथाच चाललं.

1985 च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटात नायक 1955 सालच्या शाळेच्या नाचात जाऊन पोचतो आणि त्याच्या आईवडिलांचं प्रेम जुळतं ते ‘अर्थ एंजल’च्या सुरांवर. जगभरच्या नव्या पिढीने गाणं पहिल्यांदा तिथे ऐकलं. पडद्यावर ते गातो हॅरी वॉटर्स ज्युनियर. त्याचं गाणं छान आहे, पण म्हणजे तीस वर्षांनीही पेंग्विन्सच्या गाण्याला दुसराच गळा. पुढच्याच वर्षी ‘न्यू एडिशन’ या गटाने ते पुन्हा गायलं आणि ते पुन्हा पॉप यादीत गेलं. 2004 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘अर्थ एंजल’ घेतलं, तेव्हा मात्र निवड झाली ती गॅरेजमधल्या त्या नमुन्याची. क्रू-कट्सचा तिथे प्रश्नच नव्हता.

कर्टिस विल्यम्स आणि ब्रूस टेट 1970 च्या दशकातच गेले, टिस्बी 2019 मध्ये. डंकन अखेरपर्यंत पेंग्विन्सच्या नावाने गात राहिला आणि 2012 च्या नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारला. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे मिळतात ते गीतकार आणि प्रकाशकाला. गायकाला ते तेव्हाही मिळत नव्हते, आजही मिळत नाहीत. 1972 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांसाठी इंटरनेटवरच्या प्रसारणाचा मोबदला कलाकारांना देण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात आली 2018 साली, म्हणजे डंकनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

गाणं ऐकावंसं वाटलं तर इंटरनेटवर सहज मिळेल. आधी क्रू-कट्स ऐका, मग पेंग्विन्स. दुसऱ्यात डंकनच्या मागे उमटणारा विल्यम्सचा खर्ज आणि उशीखाली दबलेला ड्रम यांच्याकडे कान द्या. शोधताना एवढं मात्र पाहा, की पेंग्विन्सचीच म्हणून मर्क्युरीची ती नंतरची गुळगुळीत आवृत्तीही फिरत असते. तुम्हाला हवी आहे ती 1954 ची, डूटोनची.